हॉल पुन्हा लावला की बास गायब आणि गाणारा एका बाजूला: आधी काय तपासायचं, नंतर काय

तक्रार बहुतेक वेळा सणासुदीलाच सुरू होते. गणपतीच्या मखरासाठी हॉल रिकामा केला आणि विसर्जनानंतर परत लावला, किंवा दिवाळीच्या तोंडावर रंग काढला, टीव्ही युनिट भिंतीपासून ओढलं, वायरी सोडवल्या आणि पुन्हा जोडल्या. स्पीकर दोन्ही वाजतात, आवाजही भरपूर येतो. पण गाणारा पूर्वीसारखा समोर मधोमध बसलेला वाटत नाही. डग्ग्याचा घुमारा जातो आणि नुसती टकटक उरते. मग घरात चर्चा सुरू होते: अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) गेला असेल, वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) गेला असेल, आता सबवूफर घ्यावाच लागेल.

ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या घरांत मी ही तक्रार पाहिली आहे, तिथे बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नव्हतं. वायर उलटी लागलेली होती, नाहीतर स्पीकर किंवा सोफा हातभर सरकलेला होता. म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी चार गोष्टी तपासा आणि त्या याच क्रमाने तपासा: आधी जोडणी, मग बाजू, मग अंतर, मग खोली. क्रम सोडलात तर पडदे आणि गालिचे घेत बसाल आणि वायर मात्र तशीच उलटी राहील.

एक गोष्ट सुरुवातीलाच. वायरीला हात लावायच्या आधी अ‍ॅम्प बंद करा आणि प्लग काढा. चालू अ‍ॅम्पला मागे वायरीचे दोन सुटे केस एकमेकांना टेकले तर आउटपुट जळू शकतं, आणि मग खरंच खर्च निघतो.

लाल आणि काळा

स्टीरिओत मधला स्पीकर नसतो. समोर मधोमध ऐकू येणारा गायक आपल्या कानांनी आणि मेंदूने उभा केलेला असतो. डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकच आवाज एकाच वेळी, सारख्याच जोराने आला की तो मधून आल्यासारखा वाटतो. अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ सालच्या डिसेंबरात पेटंटसाठी अर्ज केला, तो दोन वाहिन्यांच्या याच कल्पनेवर. तिचा सगळा डोलारा एका अटीवर उभा आहे: दोन्ही वूफरचे पेपर (पुढचे हलणारे पडदे) एकाच वेळी पुढे यायला हवेत आणि एकाच वेळी मागे जायला हवेत.

एका स्पीकरची लाल-काळी वायर अदलाबदल झाली की एक पेपर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एकाने दाबलेली हवा दुसरा ओढून घेतो. मग सगळाच आवाज का जात नाही? कारण बासची लहर लांब असते. ६० हर्ट्झच्या सुराची एक लहर जवळजवळ पावणेसहा मीटरची, आणि तुमचे स्पीकर एकमेकांपासून दोन मीटरवर. त्या लांबीपुढे हे अंतर किरकोळ, म्हणून बास एकमेकांना खाऊन टाकतो. झांजेचा, सतारीच्या तारेचा वरचा आवाज काही सेंटिमीटरच्या लहरींचा असतो. तो नाहीसा होत नाही, विस्कटतो. म्हणून गाणारा मध्ये न दिसता दोन्ही कानांशी लोंबकळल्यासारखा वाटतो. बास गेला आणि मधला आवाजही विरला, अशी दोन्ही लक्षणं एकदम आली तर आधी वायरच पाहा.

कासारवडवलीला एका टॉवरमध्ये ओळखीच्या काकांकडे गेलो होतो. काकांनी अ‍ॅम्प विकायचं जवळपास ठरवलं होतं. चहा देताना काकू सहज म्हणाल्या, "ह्यांना सोफ्यावर बसून डग्गा ऐकू येत नाही म्हणतात. मला तर ओट्यापाशी पोळ्या लाटताना स्पष्ट ऐकू येतो."

निदान काकूंनीच केलं होतं. सोफा दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, म्हणजे दोघांचा बास तिथे पोचून एकमेकांना अचूक मारणार. पॅसेजच्या बाजूला, ओट्यापाशी एका स्पीकरचा आवाज आधी आणि मोठा पोचतो, तिथे तो वाचतो. सोफ्यावर नाही पण बाजूला गेलं की बास आहे, ही उलट्या वायरीची अगदी ठळक खूण आहे.

त्यांच्याकडे वायर पारदर्शक होती, आत एक तार तांब्याच्या रंगाची, दुसरी चंदेरी. युनिटच्या मागे, बॅटरीच्या उजेडात, वर्षानुवर्षांच्या धुळीखाली दोन्ही सारख्याच पिवळट दिसत होत्या. रंगाऱ्यांनी सोडवली, घरच्यांनी घाईत जोडली. काळ्या वायरीतही हाच प्रश्न येतो. दोन पदरांपैकी एकावर बारीक उंचवटा, पांढरी रेघ किंवा छापील अक्षरं असतात. नख फिरवून उंचवटा शोधा आणि तोच पदर दोन्ही टोकांना लाल खुणेला लावा. कुठला पदर लाल धरायचा हे तुम्ही ठरवा, पण चारही ठिकाणी तोच हवा. दोन्ही स्पीकर उलटे लागले तरी मोठा घोळ होत नाही, कारण ते एकमेकांशी जुळलेले राहतात. घोळ होतो तो एकच उलटा लागला की.

युनिट न हलवता खात्री करायची असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या भागात मोनो ऑडिओचा (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारा) पर्याय असतो, तो चालू करा. बास भरपूर असलेलं काहीतरी लावा. अ‍ॅम्पचं बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवा, म्हणजे एकच स्पीकर वाजेल. आता हळूहळू मध्यावर आणा. दुसरा स्पीकर सामील झाला की बास भरत जायला हवा. तो उलट आटत गेला तर एक वायर उलटी आहे, पुढे शोधायची गरज नाही. बॅलन्सचं बटण नसेल तर फोनमध्ये त्याच भागात डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते, तिने काम होतं. तपासून झालं की मोनो बंद करायला विसरू नका, नाहीतर स्टीरिओ पसरतच नाही अशी नवी तक्रार सुरू होईल.

स्पीकर लहान असतील तर आणखी सोपं. दोघांना समोरासमोर तोंड करून चार बोटांच्या अंतरावर ठेवा आणि मोनोत वाजवा. जोडणी बरोबर असेल तर बास दणदणीत, उलटी असेल तर आवाज ट्रान्झिस्टरसारखा.

आणि शंकाच उरू नये असं वाटत असेल तर पेन्सिल सेल. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पकडून काढा. त्याच टोकाला दीड व्होल्टच्या सेलची वरची बाजू लाल पदराला आणि खालची काळ्याला क्षणभर टेकवा. ठक् असा आवाज येईल आणि वूफरचा पेपर किंचित बाहेर येईल किंवा आत जाईल. दोन्ही स्पीकरना त्याने एकाच दिशेला हलायला हवं. सेल वायरीच्या टोकाला लावल्यामुळे वायर आणि स्पीकर दोन्हींची परीक्षा एकदमच होते. हे फक्त वेगळ्या अ‍ॅम्पवर चालणाऱ्या साध्या स्पीकरला करायचं. ज्यांच्या पोटात अ‍ॅम्प आहे, ज्यांचा प्लग थेट बोर्डात जातो, त्यांना सेल लावायचा नाही. नऊ व्होल्टची बॅटरीही नको, आणि सेल धरून ठेवायचा नाही.

आवाज एका बाजूला ओढला जातोय

बास ठीक आहे, पण गाणारा सतत डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला. इथे अंदाज बांधण्यापेक्षा अदलाबदल करत जावं. बॅलन्स मध्यावर आहे ना ते बघा (धूळ पुसताना हे बटण फिरतंच), मोनो लावा आणि सुरुवात करा. संगीतापेक्षा आकाशवाणीच्या बातम्या उत्तम. एकच माणूस, एकच आवाज, आणि तो एका अरुंद जागेतून यायला हवा.

अ‍ॅम्प बंद करून मागे डाव्या स्पीकरची जोडी उजव्या जागी लावा आणि उजवी डाव्या जागी. निवेदक दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. स्पीकर निर्दोष. मग वायरी पूर्ववत करा आणि फोन किंवा प्लेअरकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिना अ‍ॅम्पपाशी उलटसुलट करा. आता बाजू बदलली तर केबल किंवा प्लेअर, नाही बदलली तर अ‍ॅम्प.

पहिल्या अदलाबदलीत निवेदक जागचा हललाच नाही, तर अ‍ॅम्प सुटला. मग स्पीकरच उचलून एकमेकांच्या जागी ठेवा. तो स्पीकरबरोबर गेला तर दोष स्पीकरमध्ये, तिथेच राहिला तर खोलीत, बसण्याच्या जागेत किंवा कानात. कानाचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. स्पीकरकडे पाठ करून बसा. आवाज खोलीच्या त्याच भिंतीकडे राहिला तर खोली, आणि तुमच्या त्याच कानाकडे राहिला तर कान. मळ साचला असेल तर डॉक्टर काढून देतात. मळ नसेल तर ऐकू येण्याची तपासणी करून घ्या, कारण एका कानाने हळूहळू कमी ऐकू येणं माणसाच्या लवकर लक्षात येत नाही.

एक कारण मात्र पुन्हा पुन्हा निसटतं. रात्री, सगळे झोपल्यावर, अगदी हळू ऐकताना आवाज एका बाजूला जातो आणि आवाज वाढवला की मध्ये येतो. हे व्हॉल्यूमच्या बटणाचं काम. साध्या अ‍ॅम्पमध्ये त्या एका बटणाच्या आत डाव्या-उजव्या बाजूच्या दोन वेगळ्या कार्बनच्या पट्ट्या असतात, आणि अगदी खालच्या टोकाला त्यांची जुळणी चुकते. त्यावर दुरुस्ती नाही, पण उपाय आहे: फोनचा किंवा प्लेअरचा आवाज कमी करा आणि अ‍ॅम्पचं बटण थोडं वर, नऊ-दहा वाजल्याच्या काट्यापर्यंत आणा. बटण फिरवताना खरखर येत असेल तर अ‍ॅम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आत मारून बटण अनेकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पूर्ण वाळू द्या, मगच चालू करा.

रात्री हळू ऐकताना बास कमी वाटतो तोही बिघाड नव्हे. मंद आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच ते मोजून मांडलं होतं. जुन्या अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असतं ते याचसाठी. रात्री ते दाबा, दिवसा सोडा.

अंतर: फरशी मोजून फसू नका

हवेत आवाज आपल्याकडच्या तापमानाला सेकंदाला साधारण ३४७ मीटर जातो. म्हणजे एक फूट जायला एक मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ. ऐकायला हे नगण्य वाटतं, पण कानाला तेवढं पुरतं. एका स्पीकरचा आवाज दुसऱ्यापेक्षा सुमारे एक मिलिसेकंद आधी आला की मधला गायक जवळजवळ पूर्ण त्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो, दोन्हींचा जोर सारखा असला तरी. सोफा हातभर सरकला की गाणारा सरकतो, त्याचं कारण हे.

आता नव्या इमारतींमधल्या हॉलची गंमत. व्हिट्रिफाइड टाइल्स बहुतेक दोन बाय दोन फुटांच्या, नेमकं सांगायचं तर ६०० मिलिमीटरच्या. जमिनीवर तयार चौकटीच मिळाल्यामुळे लोक सांधे मोजून स्पीकर ठेवतात: डावा दुसऱ्या सांध्यावर, उजवाही दुसऱ्या सांध्यावर, झालं. पण फरशी बसवणारा कारागीर एका भिंतीपासून अखंड टाइल लावत जातो आणि उरलेला कापलेला तुकडा समोरच्या भिंतीला देतो. तो तुकडा कुठे चार इंचांचा, कुठे पंधरा इंचांचा. युनिट किंवा सोफ्याखाली तो दिसतही नाही. दोन्हीकडे दुसराच सांधा, पण भिंतीपासूनचं अंतर एकीकडे चार फूट, दुसरीकडे अडीच. स्पीकर ठेवायला सांध्यांची मदत जरूर घ्या, पण मोजमाप भिंतीपासून आणि कानापासून करा.

कानापासून मोजायला सुतळी सर्वात चांगली. तुम्ही जिथे बसता तिथे सोफ्याच्या पाठीला, डोक्याच्या उंचीवर सुतळीचं टोक पिनेने टोचा. ती ताणून डाव्या ट्वीटरपर्यंत (वरचे सूर वाजवणारा लहान स्पीकर) न्या, चिमटीत धरा, तसंच उजव्याकडे न्या. चिमूट ट्वीटरच्या पुढे किंवा मागे पडली तर तेवढा स्पीकर सरकवा. बोटभर फरक चालतो, वितभर नाही. दोन स्पीकरमधलं अंतर साधारण सहा ते सात फूट, आणि तुमच्यापर्यंतचं तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. टीव्ही युनिट चार फुटांचं म्हणून स्पीकरही चार फुटांवर आणि सोफा बारा फुटांवर असेल, तर कितीही महागडे स्पीकर आणा, सगळं एका डबीतूनच येणार.

ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. सोफ्यावर बसल्यावर जमिनीपासून कान साधारण तीन ते साडेतीन फुटांवर येतो, सोफा मऊ असेल तर खाली. युनिटच्या खालच्या कप्प्यात ठेवलेले स्पीकर गुडघ्यांना गाणं ऐकवतात. कप्प्यातच ठेवायचे असतील तर निदान ओढून कडेशी आणा, नाहीतर कप्प्याची पोकळी स्वतःच वाजायला लागते आणि माणसाचा आवाज नाकात येतो.

तिघं बसणाऱ्या सोफ्यावर मधला आवाज फक्त मधल्या माणसाला मिळतो. बाकीच्यांनाही थोडा मिळावा असं वाटत असेल तर दोन्ही स्पीकर आत जास्त वळवा, इतके की त्यांच्या रेषा सोफ्याच्या थोड्या अलीकडेच एकमेकींना कापतील. मग डावीकडे बसलेल्याच्या अंगावर उजव्या स्पीकरचं तोंड येतं. जवळचा आवाज आधी पोचतो पण दूरचा जास्त जोराने येतो, आणि तोल बऱ्यापैकी सावरतो. मी चारचौघांच्या घरात हीच मांडणी सुचवतो. एकट्याने ऐकणाऱ्याला कमी वळवलेले स्पीकर जास्त आवडतात.

खोली

वायर बरोबर, बाजू बरोबर, सुतळीही जुळली, तरी एखादा सूर घुमतो आणि एखादा ऐकूच येत नाही. इथे खोलीकडे वळायचं.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लांबी असते, तिच्या दुप्पट लांबीची लहर त्या खोलीत अडकून घुमते. गणित सोपं आहे: ३४७ ला त्या लांबीच्या दुपटीने भागा, लांबी मीटरमध्ये. आपल्याकडचा नेहमीचा हॉल घेऊ, दहा बाय पंधरा, उंची साडेनऊ फूट. पंधरा फुटांचा सूर ३८ हर्ट्झच्या आसपास. दहा फुटांचा ५७. आणि उंचीचा ६०. शेवटचे दोन पाहा. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन्हींचे घुमणारे सूर एकमेकांवर येऊन पडतात. म्हणूनच अशा हॉलमध्ये ढोलाचा, डग्ग्याचा एक ठरावीक आवाज डोकं उठेपर्यंत घुमतो, आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा साधाच येतो. स्पीकर बदलून हे जात नाही, कारण हा आवाज स्पीकरचा नाहीच.

अडकलेली लहर भिंतीपाशी सर्वात जोरात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वात क्षीण असते. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तुमचं डोकं अगदी जोराच्या जागी, म्हणून बास गदगदतो. सोफा हॉलच्या बरोबर मध्यावर असेल तर लांबीचा पहिला सूर तिथे मरतो, म्हणून बास पातळ. जागा थोडी, सोफा कुठेही हलवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण भिंतीपासून एक-दीड फूट पुढे ओढला तरी फरक ऐकू येतो. तेवढंही जमत नसेल तर ऐकण्यापुरती खुर्ची पुढे घ्या.

फोनवर टोन वाजवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, आवाज हळू ठेवा आणि ३० पासून १०० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जा. कुठे फुगतो, कुठे बुडतो ते कागदावर लिहा. आवाज हळू ठेवा असं मुद्दाम सांगतोय. खालचा एकच सूर जोरात धरून ठेवला तर वूफरच्या आतली तारेची कॉइल तापते.

फुगणारा सूर सापडला की स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपरा बासला तिप्पट आधार देतो: मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन. आणि इथे आपल्या फ्लॅटची आणखी एक खोड पुढे येते. हॉलच्या एका बाजूला सलग भिंत असते, दुसरी बाजू पॅसेजकडे किंवा स्वयंपाकघराकडे उघडी. भिंतीकडच्या स्पीकरला आधार मिळतो, दुसऱ्याचा बास पॅसेजमधून निघून जातो. बॅलन्स फिरवून हे सुधारू नका, त्याने वरचे सूर बिघडतात. भिंतीकडचा स्पीकर त्या भिंतीपासून दीड-दोन फूट तरी दूर घ्या, आणि मग सुतळीने सोफ्याची जागा पुन्हा जुळवा. स्पीकरच्या मागे हवेचं भोक असेल आणि तो भिंतीला चिकटला असेल तर त्यात गुंडाळलेला पायमोजा घालून बघा. बास थोडा कमी होतो पण आखडतो, स्वच्छ होतो.

वरच्या आवाजाचा कर्कशपणा वेगळा. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे टर्र असा शेपटासारखा आवाज आला तर दोन उघड्या भिंती किंवा काच आणि भिंत आवाज एकमेकींकडे फेकताहेत. घरातल्या कुणाला तरी आरसा बाजूच्या भिंतीवर सरकवत न्यायला सांगा, तुम्ही नेहमीच्या जागी बसा. आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथे आवाज आपटून तुमच्याकडे येतो. तिथे पुस्तकांचं कपाट, जाड पडदा, काहीही चालेल. बाल्कनीच्या सरकत्या काचेला पडदा ओढून ऐका. आणि स्पीकर-सोफ्याच्या मध्ये उघड्या टाइल्सवर सतरंजी टाका, जाड असेल तितकी बरी. याने बास सुधारणार नाही. पातळ कापडाला बासची लहर जुमानत नाही. पण गाणाऱ्याचे शब्द सुटे होतील.

शेजाऱ्यांचंही बघायला हवं. स्लॅबमधून खाली जातो तो बासच. स्टँडखाली रबराचे पाय लावा. कायद्याने निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे.

पावसाळ्यानंतर

दर वर्षी उद्भवणारं आणखी एक दुखणं. ऐरोली, वाशी, कळवा, कोपरी, जिथे जिथे खाडी जवळ आहे, तिथे दमट खारी हवा उघड्या तांब्याला सोडत नाही. पावसाळा संपला की स्पीकरच्या मागची क्लिप दाबून वायर बाहेर काढा. टोक काळं पडलेलं किंवा हिरवट असेल तर पुसत बसू नका. अर्धा इंच कापून टाका, नवं तांबं सोला, पिळून लावा. एक बाजू मधूनच बारीक होते आणि आवाज वाढवला की परत येते, तेव्हा बहुतेक वेळा असलं टोक किंवा सैल क्लिपच सापडते. वायर घेताना इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड एमएमची तांब्याची चांगली वायर पुरते. पाच मीटरच्या लांबीला तिचा जाता-येता विरोध ओहमच्या नवव्या भागाइतका, आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही. वायरीवर हजारो रुपये घालू नका.

गाणं थांबलं तरी हूं असा सूर चालू राहतो, ती कहाणी अर्थिंगची. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स अ‍ॅम्पला जोडला असेल तर आधी बॉक्सच्या मागची केबलची गोल वायर काढून बघा. हूं थांबला तर अर्थिंग दोन वाटांनी येतंय. टीव्ही, बॉक्स आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिला तर केबलवाल्याकडून आयसोलेटर (अर्थिंगची दुसरी वाट तोडणारा जोड) बसवून घ्या. थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळं जुळलं की त्याच दिवशी खुणा करा. वायरीच्या चारही टोकांना लाल पदरावर नेलपॉलिशचा ठिपका, स्पीकरच्या मागे लाल खुणेशेजारीही एक ठिपका. डाव्या जोडीला एक वेढा काळी टेप, उजव्या जोडीला दोन. स्पीकरच्या स्टँडच्या मागच्या दोन कोपऱ्यांपाशी फरशीवर टेपचे लहान तुकडे, सोफ्याच्या पुढच्या पायांपाशी तसेच. फरशी पुसताना टेप निघते, म्हणून भिंतींपासूनची मापं युनिटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. सुतळीही जपून ठेवा, तिला ट्वीटरच्या मापाची गाठ मारून. सामान हलवण्याआधी मागच्या जोडणीचा एक फोटो काढायला घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

इतकं करूनही एक स्पीकर दबलेलाच राहिला, तर मल्टिमीटर लावा, वायर काढून. आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल किंवा क्रॉसओव्हर (वूफर-ट्वीटरना सूर वाटून देणारं सर्किट) तुटला. मग वूफरचा पेपर दोन्ही हातांच्या बोटांनी चारही बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबा. खरखर घासल्यासारखं वाटलं तर कॉइल घासते आहे. पेपरच्या कडेचा फोम बोट लावताच चुरा होऊन पडत असेल तर तो जुना होऊन विरला आहे, आणि आपल्या दमट हवेत तो लवकर विरतो. हे स्पीकर टाकून देऊ नका. फोम बदलून मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करा. बदलताना एकच नको, दोन्ही बाजूंचा एकदम बदलून घ्या. एक नवा ताठ आणि एक जुना सैल राहिला तर दोन्ही पेपर सारखे हलणार नाहीत आणि गाणारा पुन्हा सरकेल.